सांध्यावरचे चेहरे

इमारतीवर चेहरा खरं तर कुठेही कोरता येतो. भिंत सगळी दगडाचीच असते आणि पाथरवटाच्या हाती छिन्नी असतेच. तरीही जुन्या इमारती पाहत गेलं की एक गोष्ट ध्यानात येते. मोकळ्या, सपाट भिंतीच्या मधोमध चेहरा फार क्वचित असतो. तो कमानीच्या माथ्यावर असतो, तुळईच्या टोकाखाली असतो, पन्हळीच्या तोंडाशी असतो, उंबरठ्यावर असतो. एक काम संपून दुसरं सुरू होतं, वजन एका दगडावरून दुसऱ्यावर जातं, पाणी छतावरून हवेत पडतं, बाहेरचा माणूस आत येतो, अशा जागांवर तो बसलेला असतो. मला तर आता सवयच लागली आहे. कुठल्याही जुन्या वास्तूसमोर उभी राहिले की मी आधी तिचे सांधे शोधते, आणि बहुतेक वेळा तिथूनच कुणीतरी माझ्याकडे पाहत असतं.

या चेहऱ्यांना आपण शोभेचे म्हणतो आणि पुढे जातो. देवळात मुख्य मूर्ती पाहायची, राजवाड्यात दरबार पाहायचा, चर्चमध्ये रंगीत काचा पाहायच्या. कोपऱ्यातल्या तोंडांसाठी कुणी मान वर करत नाही. पण मला त्यांच्यात वास्तूचा जीव जास्त दिसतो.

कमान घ्या. दगडी कमान बांधताना खाली लाकडी साचा उभारतात, दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे घडवलेले दगड रचत वर नेतात आणि शेवटी माथ्यावर एक दगड बसवतात, चावीचा दगड. तो बसला की दोन्ही बाजू एकमेकींना रेटून धरतात आणि साचा काढता येतो. खरं पाहिलं तर कमानीतला प्रत्येक दगड तितकाच महत्त्वाचा असतो, कुठलाही काढला तरी ती कोसळेल. पण चावीचा दगड शेवटी येतो. तो बसेपर्यंत कमान साच्याच्या जिवावर असते, नंतर स्वतःच्या. युरोपातल्या गवंड्यांनी आणि शिल्पींनी नेमका हाच दगड चेहऱ्यासाठी उचलला. पुष्कळदा तो थोडा पुढे आलेला, नुसता ठोकळा म्हणून बसवायचे आणि इमारत उभी राहिल्यावर परांचीवर चढून जागच्या जागी कोरायचे. म्हणजे वरून वजन आलेलं असताना तो चेहरा दगडातून बाहेर यायचा.

बर्लिनचं जुनं शस्त्रागार, त्सॉयगहाउस, हे याचं सर्वांत जिवाला लागणारं उदाहरण. बांधकाम १६९५ मध्ये सुरू झालं. प्रशियाच्या लष्कराची शस्त्रं ठेवायची ही जागा, त्यामुळे बाहेरच्या बाजूला शोभेलाही शिरस्त्राणं, चिलखतं, विजयचिन्हं. पण आतल्या चौकात गेलं की तळमजल्याच्या खिडक्यांवरून मरणाऱ्या योद्ध्यांचे २२ चेहरे खाली पाहतात. आंद्रेआस श्ल्युटर या शिल्पकाराचं हे काम. एकाचं तोंड वेदनेने वासलेलं, दुसऱ्याची मान कलंडलेली, तिसऱ्याचे डोळे अर्धवट मिटलेले, कुणी म्हातारा, कुणी कोवळा. पराभूत शत्रू म्हणून ते कोरले असतील, विजयाच्या सजावटीचाच एक भाग म्हणून. पण श्ल्युटरने त्यांना शत्रू म्हणून पाहिलेलं नाही. गालाचं कातडं कसं ओघळतं, शेवटच्या श्वासाला ओठ कसे वाकडे होतात, हे त्याने ज्या बारकाईने घडवलं आहे ते पाहून युद्धाची शान तिथेच उतरते. बाहेर शस्त्रांचं कौतुक आणि आत त्यांचा परिणाम, आणि तोही खिडकीच्या नक्षीच्या जागेत. राजाच्या शस्त्रागारात एवढं खरं बोलायला मोठ्या पुतळ्याला परवानगी मिळाली असती असं मला वाटत नाही. लहान जागेकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तिथे खरं बोलता येतं.

डब्लिनच्या कस्टम हाउसवरचे चेहरे याच्या अगदी उलट स्वभावाचे. जेम्स गँडन या वास्तुविशारदाने १७८१ ते १७९१ या काळात ही इमारत उभी केली आणि चावीच्या दगडांवरची १४ शिरं एडवर्ड स्मिथ याने घडवली. त्यांतलं एक अटलांटिक महासागराचं आणि उरलेली तेरा आयर्लंडमधल्या नद्यांची. बाकी सगळे दाढीवाले पुरुष, फक्त शहरातून वाहणारी लिफी स्त्रीरूपात. जकातीची इमारत, माल यायचा तो पाण्यावरून, म्हणून दारांवर पाण्याचेच मुखवटे. ही कल्पना कागदावर साधी वाटते, पण स्मिथने केस आणि दाढी अशा वळवल्या आहेत की पाहताना प्रवाह कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही. १९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धात ही इमारत जाळली गेली, घुमट नव्याने बांधावा लागला. नद्या मात्र टिकल्या, आणि १९२८ मध्ये नव्या राष्ट्राने आपल्या नोटा छापल्या तेव्हा त्यांच्या मागच्या बाजूवर हेच चेहरे आले. परक्या राजवटीच्या जकात कचेरीवरची नक्षी एखाद्या देशाला आपली वाटावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर पन्हळीकडे वळते. छतावर साठलेलं पाणी भिंतीवरून ओघळू दिलं तर सांध्यांतला चुना धुऊन जातो आणि पाया भिजतो, म्हणून ते भिंतीपासून शक्य तितकं लांब फेकावं लागतं. गॉथिक चर्चच्या कडेने बाहेर झेपावणारे लांब मानेचे प्राणी हे काम करतात. पाठीत खोदलेली नाली आणि घशातून पडणारी धार. मान लांब असायला कारण आहे, ती जितकी लांब तितकी भिंत कोरडी. पॅरिसच्या नोत्र-दामवर हनुवटी हातावर टेकून शहराकडे पाहणारे जे राक्षस प्रसिद्ध आहेत, त्यांच्या तोंडातून पाणी येत नाही. ते एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने बसवले. सुंदर आहेत, पण खरं सांगायचं तर मला खालची पाणी ओकणारी तोंडं अधिक आवडतात. त्यांना काम आहे. आपल्याकडे गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर काढणाऱ्या प्रणालाला मकरमुख किंवा गोमुख दिलं जातं, तेही याच जातीचं. भोक तर पाडायचंच असतं, मग त्याला तोंड का देऊ नये, इतका सरळ विचार त्यामागे आहे.

त्याही आधी, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात, इटलीतल्या एट्रुस्कन लोकांनी देवळांच्या छपरावर हेच केलं होतं. कौलांच्या ओळी वळचणीपाशी येऊन थांबतात तिथे प्रत्येक ओळीचं टोक उघडं राहतं, वारा आणि पाणी आत शिरतं. ते झाकायला त्यांनी भाजक्या मातीची झाकणं केली आणि झाकणांवर चेहरे घडवले. कधी हसरी स्त्री, कधी जीभ बाहेर काढलेली, ग्रीक कथांतली राक्षसी मेदुसा. बाहेरच्या संकटाने आत येऊ नये म्हणून भयंकर तोंड. पावसाला आणि पिशाचाला एकच उपाय लागू केला होता त्यांनी.

आपल्या देवळांत या कामासाठी कीर्तिमुख आहे. त्याची कथा अशी. जालंधर या असुराने राहूला शिवाकडे पाठवलं, पार्वतीची मागणी करायला. शिवाच्या कोपातून एक भुकेला अक्राळविक्राळ जीव निर्माण झाला आणि राहूवर धावला. राहू शरण आला, शिवाने त्याला सोडलं. मग त्या जिवाने विचारलं, आता मी खाऊ काय? स्वतःलाच खा, अशी आज्ञा झाली. त्याने हातपाय खाल्ले, धड खाल्लं, चेहरा तेवढा उरला. प्रसन्न होऊन शिवाने त्याला आपल्या दारावर जागा दिली. या कथेतून देवळातल्या त्या तोंडाचं रूप उलगडतं. बटबटीत डोळे, फुगलेले गाल, वरचे सुळे, आणि खालचा जबडा बहुधा गायब.

त्याची नेमणूक मात्र कथेत सांगितलेल्या दारापुरती राहिली नाही. पश्चिम भारतातल्या मंदिरांच्या पीठात, म्हणजे खालच्या चौथऱ्यात, साध्या थरांवर ग्रासपट्टी येते, म्हणजे अशाच तोंडांची सलग रांग, आणि तिच्यावर मग गजथर, अश्वथर, नरथर चढतात. निर्जीव घडणीचे थर संपतात आणि सजीवांचे सुरू होतात, त्या सीमेवर ही तोंडं. सिन्नरचं गोंदेश्वर, खिद्रापूरचं कोपेश्वर, शके ९८२ चा शिलालेख असलेलं अंबरनाथचं शिवमंदिर, यांचे खांब जवळून पाहा. त्यांवरही तुम्हाला कीर्तिमुखं भेटतील, आणि अशा खांबांवर कित्येकदा त्यांच्या जबड्यातून मोत्यांच्या माळा ओघळलेल्या असतात. भूक हाच ज्याचा जन्म, त्याच्या तोंडातून मोती. ही कल्पना ज्या कुणा अनामिक शिल्पीला पहिल्यांदा सुचली असेल त्याच्यापुढे मी हात जोडते. स्वतःला खाऊन संपवणाऱ्याच्या मुखातून सौंदर्य बाहेर पडतं, हे सांगायला त्याला एक ओळही लिहावी लागली नाही.

तेच तोंड समुद्र ओलांडून जावात गेलं. नवव्या शतकातल्या बोरोबुदूरच्या कमानींवर ते आहे, दोन्ही बाजूंना खाली मकर आणि माथ्यावर हे काल-मुख. मध्य जावातल्या जुन्या मंदिरांत त्याला खालचा जबडा बहुधा नसतो, पुढच्या शतकांत पूर्व जावात तो उगवतो आणि चेहरा अधिक रागीट होतो. जागा मात्र सुटत नाही, दाराच्या माथ्यावरची.

इतक्या दूरच्या लोकांना एकच गोष्ट का सुचावी? देवाणघेवाणीने सगळं समजत नाही. मेक्सिकोतल्या काबाह इथल्या माया वास्तूची आख्खी दर्शनी भिंत पर्जन्यदेव चाक याचे मानल्या जाणाऱ्या शेकडो मुखवट्यांनी भरलेली आहे, आणि उश्मालला हेच लांब नाकाचे चेहरे इमारतींच्या कोपऱ्यांवर एकावर एक रचलेले दिसतात. कोपरा, पुन्हा सांधाच. त्या प्रदेशात वाहत्या नद्या नाहीत, पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचं. त्यांना कुणी एट्रुस्कन येऊन शिकवून गेला नव्हता. नुकतं जन्मलेलं मूलही चेहऱ्यासारख्या आकाराकडे इतर आकारांपेक्षा जास्त वळून पाहतं, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. दोन ठिपके आणि खाली एक रेघ दिसली की आपल्याला कुणीतरी दिसतं. त्यामुळे वास्तूतली जी जागा नजरेत भरावी, जिथे पाय अडखळावा, जिथे सावध व्हावं, तिथे चेहऱ्याइतकी कामाची खूण दुसरी कुठली असणार?

आता या जागांच्या लहानपणाविषयी थोडं. मूर्तीला शास्त्र असतं. ताल, मान, मुद्रा, आयुधं ठरलेली. चर्चमधल्या संतांनाही त्यांची ठरलेली चिन्हं. सांध्यावरच्या तोंडाला मात्र नियमांचं ओझं कमी. इंग्लंडमधल्या नॉरिच कॅथीड्रलच्या छतात, दगडी फासळ्या एकमेकींना भेटतात तिथले सांधे झाकणारे हजाराहून जास्त कोरीव गोळे आहेत. जमिनीवरून ते नीट दिसतही नाहीत, तरी त्यांवर आख्ख्या कथा, माणसं, पानांतून डोकावणारी तोंडं कोरलेली आहेत. क्लेयरव्होचे संत बर्नार्ड यांनी बाराव्या शतकात तक्रार केली होती की मठांतल्या या विचित्र आकृतींपायी भिक्षू पुस्तकं वाचायचं सोडून दगडच वाचत बसतील. त्यांचं निरीक्षण अचूक होतं.

नियम कमी म्हणून तिथे खरी माणसं शिरली. क्रोएशियात शिबेनिकच्या कॅथीड्रलला मागच्या बाजूने बाहेरून सत्तरहून जास्त शिरांची रांग आहे. पंधराव्या शतकातलं युराय दाल्मातिनात्स याचं काम. त्यात म्हातारे आहेत, मुलं आहेत, पागोटेवाले आहेत, कुणी चिडलेला, कुणी झोपाळू. एकही देव नाही, संत नाही. लोक सांगतात की हे त्या काळचे गावकरी, आणि ज्यांनी बांधकामाला पैसे द्यायला हात आखडता घेतला त्यांची तोंडं मुद्दाम वाईट काढली. गोष्ट खरी असो नसो, त्या चेहऱ्यांकडे पाहून ती सुचते यातच त्यांचं यश आहे.

आणि व्हेनिस. सांता मारिया फोर्मोझा चर्चच्या घंटामनोऱ्याच्या छोट्या दारावर, चावीच्या दगडात एक भयाण डोकं आहे. तोंड एका बाजूला ओढलेलं, जीभ बाहेर, डोळा पुढे आलेला. सैतानाने मनोऱ्यात शिरून अवेळी घंटा वाजवू नयेत म्हणून ते तिथे बसवलं, असं सांगतात. इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किनला ते पाहून इतकी किळस आली की व्हेनिसच्या अधःपतनाचा पुरावा म्हणून त्याने ते मांडलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे मज्जारोगतज्ज्ञ शार्को आणि त्यांचे सहकारी रिशे यांनी त्याच डोक्याचा अभ्यास केला. त्यांना त्यात एक रुग्ण दिसला. एका बाजूच्या गालाचे आणि ओठाचे स्नायू आखडणं, जीभ त्या बाजूला वळणं, हे सगळं इतकं बरोबर होतं की ते मनाने रचलेलं असणं शक्य नव्हतं. समोर कुणीतरी असलं पाहिजे.

मी या चेहऱ्याचे फोटो पुष्कळ वेळ पाहिले आहेत, आणि रस्किनबद्दल आदर असूनही इथे मी शार्कोच्या बाजूने आहे. त्या गल्लीत कुणी एक माणूस राहत होता. ज्याच्या तोंडाकडे पाहून पोरं घाबरत असतील, मोठी माणसं नजर चुकवत असतील. शिल्पीने मात्र नजर चुकवली नाही. गालाची घडी कुठून सुरू होते आणि कुठे जाते हे त्याने निरखलं. त्या माणसाला विचारलं असेल का, त्याला त्याचं काय वाटलं असेल, याचं उत्तर मिळणार नाही आणि ते मला टोचतं. कारण त्याचा चेहरा सैतानाला पळवायला वापरला गेला.

हा टोचणारा प्रश्न बोर्डोत जास्त मोठा होतो. त्या फ्रेंच शहरात चावीच्या दगडांवर सुमारे तीन हजार मुखवटे आहेत, बरेचसे अठराव्या शतकातले. समुद्रदेव नेपच्यून, सिंह, द्राक्षाची पानं केसांत माळलेला मद्यदेव बाकस. आणि नदीकाठच्या देखण्या इमारतींवर, प्लास द ला बूर्सच्या परिसरात, आफ्रिकी चेहरेही. बोर्डोच्या जहाजांनी लाखाहून जास्त आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून अटलांटिकपार नेली. दूरच्या व्यापाराची शोभिवंत खूण म्हणून हे चेहरे कोरले गेले, कमावलेल्या पैशाची जाहिरातच ती. कोरणी उत्तम आहे. ओठांची, भुवयांची वळणं प्रेमाने केल्यासारखी आहेत, आणि म्हणूनच ती पाहवत नाहीत. हे दगड काढून टाकावेत असं मला मुळीच वाटत नाही. ते तिथेच असावेत आणि त्यांच्याखाली काय घडलं ते ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं असावं. त्या शहराच्या श्रीमंतीचा इतका थेट साक्षीदार कागदपत्रांतही सापडणार नाही.

चेहरा साच्यातून काढता यायला लागला तेव्हा हे सगळं बदललं. लंडनला लॅम्बेथमध्ये १७६९ पासून एलेनॉर कोड ही उद्योजिका भट्टीत भाजलेला कृत्रिम दगड बनवत असे. बेडफर्ड स्क्वेअरच्या घरांच्या दारांवरची दाढीवाली डोकी तिच्याच कारखान्यातली. हा माल इतका टिकाऊ निघाला की शेजारचे नैसर्गिक दगड झिजले तरी त्या दाढीच्या बटा आजही टोकदार आहेत. पण एकच माणूस या दारावर आणि त्याच्या पुढच्याही दारावर. मला त्याचा राग येत नाही, मध्यमवर्गीय घरालाही त्यामुळे दारावर पाहुणा मिळाला. फक्त निरखणं संपलं. नंतर १९०३ च्या सुमारास लाटव्हियातल्या रिगामध्ये मिखाइल आयझेनश्टाइन या वास्तुविशारदाने एलिझाबेतेस रस्त्यावरच्या १०ब क्रमांकाच्या इमारतीच्या माथ्यावर प्रचंड लांबट चेहरे चढवले. आता ते कशाचंच वजन पेलत नव्हते, कुठलाच सांधा झाकत नव्हते. बघणाऱ्याला थक्क करतात ते, पण मला त्यांच्याशी बोलावंसं वाटत नाही.

पुढे काँक्रीट आलं. साच्यात ओतलेल्या भिंतीला चावीचा दगड नाही, पन्हळीचं काम नळाने केलं, कौलांची ओळ गेली. नक्षी हा खर्च आणि पाप आहे, असं सांगणारे विचारवंतही त्याच सुमारास पुढे आले. चेहरे नाहीसे झाल्याचा दोष बहुतेक जण त्यांना देतात. मला वाटतं, त्यांनी विरोध केला नसता तरी चेहऱ्याला बसायला जागाच उरली नव्हती.

जे उरले आहेत त्यांचं झिजणं चालू आहे. चेहऱ्यात सर्वांत पुढे नाक, म्हणून आधी नाक जातं, मग ओठ, भुवया. चुनखडीच्या दगडावर शहरी हवेतल्या गंधकामुळे जिप्समचा काळा पापुद्रा धरतो, तो पोपडे होऊन पडतो आणि त्यासोबत गालही. पॅरिसच्या पाँ नफ पुलावरचे ३८० हून जास्त मुखवटे आज दिसतात ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकात नव्याने केलेले, जुन्यांतले काही संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे कीर्तिमुखांवर ऑइल पेंटचे थर चढतात किंवा तुटलेला जबडा सिमेंटने भरला जातो. सिमेंट दगडाला श्वास घेऊ देत नाही, ओल आतच अडकते, क्षार पृष्ठभागाशी फुलतात, आणि काही वर्षांत भरलेल्या तुकड्याच्या कडेचा मूळ दगडच सुटून येतो. तुटका जबडा तुटकाच ठेवलेला बरा. कीर्तिमुखाला तर खालचा जबडा बहुधा मुळातच नसतो.

पार झिजून गेलेल्या दगडाच्या जागी नवा बसवायची वेळ आली, तर जुन्याची अंदाजपंचे नक्कल मला पटत नाही. स्कॉटलंडमध्ये पेझली मठाच्या जीर्णोद्धारात १९९० च्या दशकात निकामी झालेल्या पन्हळतोंडांच्या जागी नवी घडवली, आणि त्यांतलं एक चित्रपटातल्या परग्रहावरच्या भीषण प्राण्यासारखं निघालं. काहींना तो पोरकटपणा वाटला. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलवर झिजलेल्या विचित्र आकृतींच्या जागी लंडनच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी स्वतः कल्पिलेल्या नव्या आकृती कोरून चढवल्या. जुन्या पाथरवटांनी आपल्या काळची भीती आणि आपल्या गल्लीतली माणसंच कोरली होती. या मुलांनी तेच केलं, छिन्नी-हातोड्याने, अंगणात ठोकळा समोर ठेवून. दगड मापात आहेत, पावसाला तोंड देताहेत. मला ते हक्काने तिथे बसलेले वाटतात.